एकाच भट्टीचा परवाना

वेंडेल ऑस्ट्रँडरचा सरकारवर जेवढा विश्वास होता, तेवढा चर्चवरही नसावा. मिशिगन सरोवराच्या काठी अणुवीज केंद्र उभं राहत होतं तेव्हा तो बापाच्या गोठ्यात गाईंच्या धारा काढत होता. पुढे त्याच केंद्राच्या नियंत्रण कक्षात त्यानं जन्म काढला. सरकार त्याच्या परीक्षा घेई, रक्तदाब तपासी, तो किती पितो याचीही चौकशी करी. दुसरा वैतागला असता, याची छाती फुगायची. शुक्रवारी संध्याकाळी बारमध्ये तळलेले मासे खायला गाव जमे, तेव्हा मित्र त्याला "सरकारचा जावई" म्हणून चिडवत आणि तो खुशाल मिशीतल्या मिशीत हसे.

या जावयाचा अणुभट्टी चालवायचा परवाना मात्र त्या एकाच भट्टीवर चालायचा. दुसरीकडच्या भट्टीला हात लावायचा तर पुन्हा शिकायचं, पुन्हा परीक्षा. त्याचा खराखुरा जावई कर्ट, तोही त्याच पाळीत होता आणि त्याचीही तीच गत होती.

मग नैसर्गिक वायू स्वस्त झाला, विजेला भाव उरला नाही आणि मालक कंपनीचं दिवाळं वाजलं. त्याच सुमारास दक्षिणेतल्या एका केंद्रानं कर्टला बोलावलं. नव्यानं शिकवू, राहायला घर देऊ, पण महिनाअखेरपर्यंत कळवा, म्हणाले.

"जाऊ नकोस," शुक्रवारी जेवताना वेंडेल म्हणाला. "पाळीत परवानेवाले किती हवेत, हे सरकारनं ठरवून दिलंय. तू गेलास, मागोमाग आणखी दोघं गेले, की भट्टी बंद. आपणच बंद पाडल्यासारखं होईल ते."

"पण मालकच बुडालाय, वेंडेल. तुम्हीच सांगा, चालवणार कोण?"

"अरे, हे काय पिझ्झाचं दुकान आहे, शटर ओढलं आणि निघाले? आत अणुइंधन आहे! मालकाला जमत नसेल तर सरकार चालवेल. चालवावंच लागेल."

"डॅड, हे तुला कुणी सांगितलं?" मुलगी मार्लिसनं विचारलं.

"सांगायला कशाला हवं? जन्मभर बघतोय ना मी त्यांना."

कर्टनं नकार कळवला.

पुढच्याच महिन्यात वॉशिंग्टनहून अधिकारी आला. शाळेच्या व्यायामशाळेत सगळं गाव जमलं. वेंडेल टोपी काढून उभा राहिला. "मालक चालवू शकत नसेल, तर सरकार काय करणार?"

"भट्टी सुरक्षितपणे बंद होते की नाही, हे पाहणार. ती आमची जबाबदारी. आणि पुढे भट्टी पाडायचा निधी वेगळा राखलेला आहे, त्याला कुणी हात लावू शकत नाही."

"आणि चालवणं?"

"ते आमचं काम कधीच नव्हतं, सर."

"म्हणजे मयताची सोय आहे, औषधाची नाही!" मागून कुणीतरी ओरडलं. लोक हसले.

माणूस खोटं बोलला असता तर त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या. तो खरंच बोलत होता, आणि तेच जास्त झोंबलं. सरकारनं वेंडेलवर जन्मभर नजर ठेवली होती. या भोळ्याला वाटलं, जीव लावलाय.

दुसऱ्याच दिवशी कर्टनं दक्षिणेत फोन केला. जागा भरली होती.

भट्टी बंद करायचा मान सगळ्यांत जुन्या माणसाचा. वेंडेलनं कळ फिरवली, काटे शून्यावर येईपर्यंत तो तिथेच उभा राहिला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

वापरलेलं इंधन मात्र तिथेच राहणार होतं. ते घेऊन जायचा शब्द सरकारनं फार पूर्वी दिला होता. ठेवायला जागा अजून सापडलेली नाही. राखणीला माणसं हवीत, असा हुकूम आला. सर्वांत जुने तेवढे ठेवले. वेंडेल राहिला, कर्टची नोकरी गेली. टेक्सासात वायूवर चालणाऱ्या वीज केंद्रात त्याला काम मिळालं, तेही शिकाऊ म्हणून.

कर्ट आणि मार्लिसचं सामान गाडीत चढत होतं. वेंडेल अंगणात नुसताच इकडून तिकडे करत होता.

"मी सोडतो नोकरी," तो म्हणाला. "माझी जागा कर्टला देतील."

"असं देत नाहीत, डॅड. तुला माहितीये."

"मग थोडं थांबा तरी. मी त्यांच्याशी बोलून बघतो. सरकार काहीतरी..."

मार्लिसनं गाडीचं दार धरलं आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

"थांबलोच होतो ना, डॅड. तू सांगितलंस म्हणून."