ह्यांचं मवाळ होणं

लखनऊच्या पौषातलं ऊन दुपार झाल्यावरच धुक्यातून गाळून खाली उतरतं, तेही पातळ, ताकासारखं. पण त्या वर्षी महानगर नावाच्या वस्तीतल्या आमच्या गच्चीवर ते आलं, की ओल्या मटारांचा किंचित गोडसर वास दरवळायचा आणि समोर हे बसलेले असायचे, मांडीवर थाळी घेऊन, चक्क मटार सोलत. जन्मभर बँकेत साहेबकी केलेला, घरातही त्याच आवाजात बोलणारा माणूस. मी बोलत असायचे. मला काय, विषय लागतच नाही. पूर्वी माझं वाक्य अर्ध्यावर आलं, की ह्यांचं वर्तमानपत्र वर जायचं. त्या हिवाळ्यात मात्र हे माझ्या तोंडाकडे बघत म्हणायचे, "मग? पुढे काय झालं?" कालचीच गोष्ट आज सांगितली, तरी ते "मग?" तेवढंच ताजं.

आमची लेक मीनल गावातल्याच छावणी भागातून भेटायला यायची. मराठी सगळं कळतं तिला, पण बोलणार हिंदीत. "आई, बाबा कितने मीठे हो गए हैं, डाँटते ही नहीं," ती म्हणाली, तेव्हा मी तिला गप्प केलं, "नजर नको लावूस गं, फार वर्षांनी लाभलंय." उशिरा का होईना, माझ्या वाट्याला माया आली, असंच मी धरून चालले होते.

मग एका सकाळी हे जिन्याच्या मध्यावर थांबले. वर जायचं की खाली, तेच त्यांना उमजेना. भिंतीवर हात, कपाळावर गार घाम. हृदयाच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली आणि शांतपणे समजावलं, "माताजी, इनका दिल ठीक से धड़क नहीं रहा, काँप रहा है।" थरथरणारं हृदय रक्त पुरतं पुढे ढकलत नाही, मेंदूला कमी पडतं, म्हणून हे मंदावलेले, विसरभोळे; आणि आत साचलेल्या रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत गेली, तर मग माणूस हाती लागणं कठीण. त्यांनी माझी बोटं ह्यांच्या मनगटावर टेकवली. दोन ठोके लगबगीने, मग नुसती पोकळी, मग एक दमलेला.

म्हणजे मी जिला माया म्हणून ओंजळीत धरून बसले होते, ती ह्यांच्या मेंदूची उपासमार होती. इतकंच असतं तर मी रडून मोकळी झाले असते. पण रिक्षात बसल्या बसल्या मनात आलं ते भलतंच: नाडी ठिकाणावर आली, की जुने साहेब परत येणार. गोळ्यांमध्ये मी कधी हयगय केली नाही, हे खरं. आणि पाण्याचा पेला पुढे करताना हात जड व्हायचा, हेही खरंच.

फाल्गुनात गल्लीतल्या आंब्यांना मोहोर आला आणि ह्यांचा आवाज परत आला. फाटकावर भाजीवाल्याला खडसावणं ऐकू आलं, "भैया, यह पालक कल का है!" पाठोपाठ मला, "आणि तू काय बघत उभी? दूध उतू जातंय." मीनल आनंदाने रडली. मीही रडले, शेजारीपाजारी पेढे वाटले. ते रडणं खोटं नव्हतं.

त्याच आठवड्यातली एक दुपार. जेवून हे पडले होते, पडद्यातून येणारं ऊन त्यांच्या पावलांवर सरकत होतं. मी सवयीने मनगट हाती घेतलं. ठोका, पुन्हा ठोका, एकामागून एक, सरळ. मी कशाची तरी वाट बघत होते. मधूनच एखादी पोकळी सापडावी, अशी ती वाट होती, हे ध्यानात आलं तेव्हा बोटं गार पडली.

ह्यांनी डोळे उघडले. "काय गं? ठीक आहे ना सगळं?" स्वरात चक्क भीती होती, लहान मुलासारखी. असा स्वर मी ह्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता, आजारातही नाही.

"ठीक आहे," मी म्हटलं आणि मनगट सोडलं नाही.