पोह्यांएवढा भुसा

आमच्या भागात लाकूड कापायच्या कटरच्या चेनला धार लागली की नाही, हे ठरवायची एकच रीत आहे. कटर सुरू करायचा, लाकडाला लावायचा आणि खाली पडलेला भुसा मुठीत घेऊन बघायचा. पिठासारखा बारीक असला तर चेन बोथट. पोह्यांसारखा जाड असला तर धार चांगली. रीत खोटी नाही, पण तिला फसवता येतं. मी ती बरीच वर्षं फसवत होतो.

मानवतला माझं दुकान आहे. फवारणी पंप, पाण्याच्या मोटारी आणि झाडं कापायचे पेट्रोलवरचे कटर मी दुरुस्त करतो. कटरच्या चेनला धार लावण्यात माझं नाव होतं. "ह्यांच्या चेनीचे पोहे पडत्यात," असं लोक एकमेकांना सांगायचे. मला चार माणसांत बोलायला जमत नाही. लग्नात, पंगतीत मी कोपरा धरतो. त्यामुळं लोक माझ्या हाताबद्दल बोलतात, याचं मला फार अप्रूप होतं.

चेनच्या प्रत्येक दाताच्या पुढं एक बुटका उंचवटा असतो. मी त्याला खुंटी म्हणतो. दातानं एका वेळी लाकडाचा किती मोठा घास घ्यायचा, हे खुंटी ठरवते. गोल कानशीनं धार लावून लावून दात झिजतो आणि खुंटी मात्र तेवढीच राहते, म्हणून अधूनमधून चपट्या कानशीनं तीही उतरवावी लागते. किती, त्यासाठी एक लहानशी पोलादी मापपट्टी मिळते. ती चेनवर ठेवायची आणि खुंटी जेवढी वर डोकावेल तेवढीच घासायची. माझी पट्टी ड्रॉवरमध्ये पडून असायची. मी नजरेनं घासायचो, आणि नेहमी जरा जास्तच. खुंटी खाली गेली की दात मोठा घास घेतो, भुसा जाड पडतो, गिऱ्हाईक खूश. ओल्या सुबाभळीत, कडुलिंबाच्या फांदीत हे खपून जायचं. वाळल्या बाभळीत खपत नाही. तिथं दात रुतून बसतो आणि कटर माणसाला ओढून नेतो. हे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

माझा साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, झरीला राहतो. शेतकऱ्यांची झाडं तोडून द्यायचा त्याचा धंदा. एकदा उन्हाळ्यात तो नवी चेन घ्यायला दुकानात आला. आणखी दोघंतिघं गिऱ्हाइकं बसलेली होती.

"कशाला लागती?" मी विचारलं.

"शेताच्या धुऱ्यावरच्या बाभळी हायेत. उभ्या वाळल्यात. अन् काळी माती उडू उडू बुडाला नुसती लिंपून बसलीय."

एवढं ऐकल्यावर कुणीही जाणता माणूस गोल खांद्याच्या दातांची चेन काढतो. ती जरा हळू कापते, पण कडक लाकडात आणि मातीत टिकते. चौकोनी कोपऱ्याचा दात स्वच्छ, ओल्या लाकडात सपासप चालतो, मातीचा कण लागला की त्याचा कोपरा जातो. दोन्ही माझ्या मागं भिंतीला टांगलेल्या होत्या. मी गोल खांद्याच्या चेनीकडं हात नेला, तेवढ्यात साडू गिऱ्हाइकांकडं बघून म्हणाला, "सगळ्या दुनियेला हे चावरी चेन देत्यात. मी घरचा माणूस, मला बघा, बिनदाताच्या म्हातारीवानी काढतील एखादी."

सगळे हसले. मीही हसलो आणि हात दुसरीकडं नेला. चौकोनी कोपऱ्याची काढली. नव्या चेनच्या खुंट्या मापातच येतात, तिला हात लावायचं काही काम नव्हतं. तरी मी चपटी कानस उचलली आणि सगळ्यांच्या देखत एकेक खुंटी उतरवली. दारातल्या ओंडक्यावर चालवून दाखवली. साडूनं मूठभर भुसा उचलून गिऱ्हाइकांपुढं धरला.

"हे बघा. फोडणी तेवढी द्यायची राहिली."

तो बाभळीवर गेला आणि तिथं कटर त्याच्या डाव्या खांद्यात घुसला.

परभणीच्या दवाखान्यात आम्ही पोचलो तेव्हा टाके घालून झाले होते. खाटेभोवती माझी बायको, मेहुणी, सासूबाई, साडूचा भाऊ. त्यानं मला बघितलं आणि सगळ्यात आधी हेच सांगितलं.

"पाव्हणं, मी पात्याचं टोक लावलं नव्हतं. पात्याच्या मधातूनच कापायलो होतो. चेनीनं ओढून नेलं मला, अन् पल्याडच्या फांदीवर टोक आपटलं."

चेन ज्याच्यावर फिरते त्या पात्याचं टोक कशाला लागलं की कटर उसळून अंगावर येतो, आणि ती चूक चालवणाऱ्याची धरतात. पण तो अगदी बरोबर सांगत होता. खुंटी जास्त उतरली की असंच होतं. त्या खोलीत हे कळणारा मी एकटाच होतो, आणि सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते.

मी म्हणालो, "चेन आपल्या मनानं ओढत नसती, पाव्हणं. टोकच लागलं असणार. गडबडीत ध्यानात येत न्हाई माणसाच्या."

एरवी माझ्या तोंडून शब्द निघत नाही. त्या दिवशी हे सगळं अडखळल्याशिवाय निघालं.

त्यानं नजर वरच्या पंख्याकडं नेली. मग म्हणाला, "लागलं असंल."

ज्याच्या बाभळी होत्या त्या शेतकऱ्यानं कटर माझ्या दुकानात आणून ठेवला. मी ड्रॉवरमधून मापपट्टी काढली आणि चेनवर धरली. पट्टी आणि खुंटी यांच्या मधून उजेड दिसत होता. एका दाताला नाही, सगळ्यांना. मी ती चेन काढून भंगारात टाकली, गोल खांद्याची नवी चढवली आणि कटर धुऊन पुसून झरीला पोचता केला. मेहुणीनं माझ्या बायकोला फोन करून सांगितलं, "दाजींनी लय केलं आमच्यासाठी."

साडूचा हात पुढं खांद्याच्या वर गेला नाही. झाडं तोडायचं काम सुटलं. तो लोकांच्या शेळ्या राखायला लागला, मेहुणी रोजानं लोकांच्या शेतात निंदायला जायला लागली. आम्ही झरीला गेलो की ती माझ्या देखत त्याला बोलायची.

"टोक सांभाळता येईना अन् निघाले होते झाडं पाडायला."

तो मान खाली घालून भाकरी मोडत राहायचा. मीही त्याच ताटांच्या ओळीत बसलेला असायचो. पहिल्या वर्षी मला घास जायचा नाही. नंतर जायला लागला. हे लिहायचंच तर तेही लिहायला पाहिजे.

लग्नकार्यात पोरं त्याला विचारायची, मामा, खांद्याला काय झालं? तो शर्टाची कॉलर बाजूला करून वण दाखवायचा. "टोक लागू देऊ नका कधी. मी बेध्यान झालो, बघा हे." मी दिलेलं खोटं तो असं गावोगाव वाटत होता, पोरांच्या भल्यासाठी. आणि आता ते त्याला खरंच वाटत होतं. स्वतःच्या हातावरचा त्याचा भरवसा गेला होता. तो मी नेला होता.

गेल्या हिवाळ्यात तो कटर खांद्याला अडकवून दुकानात आला. चांगल्या खांद्याला.

"उभं झाड न्हाई जमायचं," तो म्हणाला. "पण खाली पाडलेलं लाकूड कापीन. चेन गंजलीय, धार लावून द्या. दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ वाटंना."

मी कटर शिकंज्यात धरला. गोल कानस घेतली. मी पाठमोरा काम करत असताना तो हळूच म्हणाला, "धार किती लावायची ती लावा बिनघोर. ह्या बारीला मी टोक सांभाळीन."

मी कानस खाली ठेवली. ड्रॉवर उघडून मापपट्टी काढली आणि त्याच्या पुढं धरली. ही कशासाठी असते, ते सांगितलं. त्या दिवशी मी कोणती चेन दिली, तिच्या खुंट्या कशापायी उतरवल्या आणि दवाखान्यात काय माहीत असून काय बोललो, तेही सांगितलं. तोडकंमोडकं सांगितलं, पण काही मागं ठेवलं नाही.

त्यानं पट्टी हातात घेतली, उलटीपालटी केली.

"म्हंजे मी पात्याच्या मधातूनच कापायलो होतो."

"हो."

"मला वाटायचं, वेड लागलं का काय मला. हाताला तर आठवतंय, मधातूनच."

मी शिकंजा सैल करून त्याचा कटर बाहेर काढला.

"चला," तो उठत म्हणाला. "घरी चला. हे तिच्यापुढं सांगा."

मी दुकानाचं शटर ओढलं. झरीपर्यंत तो मोटारसायकलवर माझ्या मागं बसला होता, कटर मांडीवर घेऊन.

मेहुणी दारात तुरी पाखडत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. तिचं सूप थांबलं नाही. मला वाटलं तिला ऐकूच गेलं नाही. मग सूप खाली ठेवून ती म्हणाली, "दाजी, इतकी वर्सं मी ह्या माणसाला काय काय बोलले, ते तुमी ऐकलंय ना?"

"ऐकलंय."

"बसून ऐकलंय. माझ्या हातचं जेवून ऐकलंय."

"हो."

"मग आता ते बोललेलं मी कुठं ठिवू?"

ती आत गेली. चहा आला नाही. त्या घरात मला चहा आला नाही, असं पहिल्यांदाच झालं. साडू मला मोटारसायकलपर्यंत सोडायला आला. म्हणाला, "धार मी परभणीहून लावून घेईन. राग मानू नका." आणि मापपट्टी त्यानं खिशातच ठेवली.

मी दुसरी आणली. आता प्रत्येक चेनवर ती ठेवतो. वाळलेलं आणि मातीचं लाकूड असेल तर गोल खांद्याचीच चेन देतो, कुणी कितीही हसलं तरी. भुसा पहिल्यापेक्षा बारीक पडतो. जुनी गिऱ्हाइकं मूठ उघडून बघतात आणि म्हणतात, "तुमचा हात उतरला आता." मी हो म्हणतो.

उन्हाळ्यात सासरकडच्या एका लग्नात आम्ही दोघं एका पंगतीत आलो. समोरच्या एका पोरानं त्याला विचारलं, "मामा, खांद्याला काय लागलंय?" साडूनं सवयीनं कॉलर बाजूला केली आणि तोंड उघडलं. मग थांबला. माझ्याकडं बघितलं. पलीकडं मेहुणी वाढत होती, तीही वरणाची बादली हातात धरून उभी राहिली.

"ह्यांना विचार," साडू म्हणाला. "सांगतील ते."

माझ्या तोंडात घास होता. तो गिळला आणि सांगायला लागलो. पंगत लांब होती. टोकाकडची माणसं म्हणाली, ऐकू येईना, जरा मोठ्यानं बोला. मी मोठ्यानं बोललो.