शिंगाड्याच्या तळ्यावरची जांभळी पाणकोंबडी

जळगाव सोडलं तेव्हा सकाळचं कोवळं ऊन होतं. आदल्या दिवशी मेहरूण तलावावर जांभळ्या पाणकोंबड्या दिसल्या, पण दुर्बिणीतून, ठिपक्यांएवढ्या. बेटांवरच्या त्यांच्या नातलगांवर मी पुण्यात व्याख्यान देणार होते आणि ही घरची पाणकोंबडी कधी जवळून पाहिलेली नव्हती.

धुळ्याच्या अलीकडे एसटीचं चाक पंक्चर झालं. "तासभर लागेल," कंडक्टर म्हणाला. रस्त्याखाली शिंगाड्याचं तळं होतं, म्हणून उतरले. गुडघाभर पाण्यात एक म्हातारे शेतकरी, सगळे त्यांना नाना म्हणत, जाळं सोडवत होते. जाळ्यात निळीजांभळी, लाल चोचीची पाणकोंबडी अडकली होती.

"मना बठ्ठा शिंगाडा हिनी खायी टाका," (माझा सगळा शिंगाडा हिने खाऊन टाकला) नाना म्हणाले. "आज कालवण करस."

मी घाईने पाण्यात उतरले आणि चिखलात बसलेच. नाना हसले, हात देऊन उठवलं. तेवढ्यात मी धीर करून सांगितलं: न्यूझीलंडची तकाहे अशीच निळी, पण जाडजूड. संपली असं सगळे धरून चालले होते, ती डोंगरदरीत पुन्हा सापडली. वेक बेटावरची मात्र दुसऱ्या महायुद्धात उपाशी सैनिकांनी खाऊन संपवली. ग्वाम बेटावरच्या पाणकोंबड्या जहाजांतून आलेल्या सापांनी फस्त केल्या, उरलेल्या पिंजऱ्यांत वाढवून पुन्हा सोडाव्या लागल्या.

"मंग त्या उडी का नही ग्यात?"

"बेटावर शत्रूच नव्हता, नाना. पिढ्यान्‌पिढ्या उडायची गरज पडली नाही. पंख राहिले नावाला."

नाना पक्ष्याजवळ वाकले. कमरेचा विळा काढून जाळ्याचे चार फास कापले. "धरा, ताई."

मी धरली. तिने बोटाला कडकडून चावा घेतला, सुटली आणि पाय लोंबकळत ठेवून उडत पलीकडच्या काठाला उतरली. लगेच शिंगाडाच खाऊ लागली.

"इले ते उडता येस ना!" (हिला तर उडता येतं ना) नाना म्हणाले आणि तिला हाकलायला निघाले.

त्यांच्या घरून आलेली कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा काठावर बसून खाल्ला. नव्या चाकाची एसटी हॉर्न वाजवत होती.

एसटीत बसल्यावर व्याख्यानाची टिपणं काढली. कोणती पाणकोंबडी संपली, कोणती उरली, सगळं होतं. ज्याच्या पिकात पक्षी चरतो, तो माणूस मात्र कुठेच नव्हता. पुणं येईपर्यंत चार नवी पानं लिहून झाली.