नायट्रोजनचा अंदाज काढणारे आमचे साडू

जगातली प्रत्येक पोकळ वस्तू शेवटी आपल्यालाच भरून द्यायची आहे, अशा जबाबदारीनं जगलेला माणूस मी एकच पाहिला: आमचे थोरले साडू. गडमुडशिंगीत घर, कोल्हापूरजवळच्या एका गॅसच्या कारखान्यात सुपरवायझरची नोकरी, आणि त्यातलं त्यांचं लाडकं काम म्हणजे टाकीला नायट्रोजन किती लागेल याचा अंदाज काढणं. स्वयंपाकाचा गॅस साठवायच्या त्या टाक्या एसटीएवढ्या असत. नव्या टाकीत हवा असते, आणि हवेत गॅस मिसळला तर एक ठिणगी पुरते. म्हणून आधी नायट्रोजन सोडून हवा हाकलायची आणि वर थोडा दाब ठेवायचा, म्हणजे हवा पुन्हा आत शिरत नाही. दुरुस्तीला टाकी उघडायची असली की त्याच नायट्रोजननं आतला गॅस हाकलायचा. हे मला इतकं पाठ आहे, कारण पहिल्या दिवाळसणाला सासुरवाडीत माझ्या अंगाला उटणं लागत असताना साडूंनी ते शेजारी पाट मांडून समजावून सांगितलं होतं.

त्यांना कुठलीही जागा नुसती दिसतच नसे, ती मोजूनच दिसे. कोडोलीच्या एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते छताकडे बघत होते. शेजारच्या पाहुण्याला म्हणाले, हे कार्यालय भरायचं तर ट्रकभर बाटल्यांनी भागणार नाही; नायट्रोजनच्या सिलिंडरांना ते बाटल्या म्हणत. पाहुण्याला वाटलं, हे आचाऱ्याकडचे असावेत. त्यानं अदबीनं विचारलं, सोड्याच्या का? आमच्या घरी आले की कुकरपाशी उभे राहून वाफेनं आधी हवा बाहेर ढकलू द्या, मग शिट्टी ठेवा, असं माझ्या बायकोला सांगत; ती त्यांच्या हातात चहा देऊन त्यांना बाहेर ढकलत असे. कारखान्यातले वरिष्ठ मात्र वैतागत, कारण साडू नायट्रोजन नेहमी सढळ मागवत. टाकीच्या पोटाएवढा आणला म्हणजे झालं, असं नव्हे. तो हवेत मिसळतो, म्हणून पुन्हा पुन्हा भरून सोडावा लागतो, हे ते दरवेळी नव्यानं सांगत. आणि वर म्हणत, "उरला तर शिव्या, कमी पडला तर श्रद्धांजली."

श्रद्धांजली वाहायची वेळ आली, तेव्हा नायट्रोजन कमी पडला नव्हता. नव्वदचं दशक सरत आलं होतं. एक टाकी तपासणीसाठी उघडायची होती. साडूंचा अंदाज बरोबर ठरला, गॅस पुरता निघून आत नुसता नायट्रोजन उरला, दाब उतरवून वरचं झाकण काढलं. आता पंख्यानं आत हवा भरायची, ती तपासायची आणि मगच माणूस उतरवायचा. तेवढ्यात वीज गेली आणि पंखा लागेना. राधानगरीकडचे दोन भाऊ तिथं फिटर होते. त्यातला थोरला म्हणजे साडूंचा डबा खाणारा दोस्त. झाकणाची रबरी चकती आत पडली होती, ती दिसते का बघायला तो पालथा झोपला आणि त्यानं डोकं आत घातलं. नायट्रोजनला वास नाही, त्यानं ठसका लागत नाही, जीव घाबरा होत नाही. दोन श्वासांत तो शुद्ध हरपून आत घसरला.

धाकटा धावत वर चढला. साडूंनी त्याच्या कमरेला मिठी मारली. तो भातलावणीनं घट्ट झालेला गडी, आणि साडूंचं वजन ते काय. त्यानं कोपरानं त्यांचे दात पाडले, तरी त्यांनी मिठी सोडली नाही.

"सोडा सायेब, माझा भाऊ हाय आत."

"आत हवा न्हाय. गेलास तर तूबी आतच ऱ्हाशील."

तोंडावर नळी लावून आत उतरणारी माणसं यायला वेळ लागला. थोरल्याला वर काढलं तेव्हा सगळं संपलं होतं. चौकशीत साडूंनी योग्य तेच केलं असं ठरलं. पण कारखान्यात लोक बोलत, मित्र आत मरत होता आणि ह्यांनी भावालाही जाऊ दिलं नाही. धाकटा नोकरी सोडून गावी गेला. साडूंनी दात बसवून घेतले नाहीत. नोकरी निवृत्तीपर्यंत केली, अंदाज काढले, पण लग्नकार्यात ते खाली मान घालून बसू लागले. आमची मेहुणी सांगायची, घरात दार लावलं की उठून उघडतात.

ते निवृत्त झाल्यावर एका दुपारी मी त्यांच्याकडे असताना धाकटा आला. केस पिकले होते. मेहुणीनं पाणी दिलं. तांब्या खाली ठेवून तो म्हणाला,

"सायेब, तवा मला सोडलं न्हाईसा, ते बरं केलंसा का वाईट, मला अजून कळंना."

साडू म्हणाले, "मलाबी न्हाय कळत."

मग त्यांनी त्याला पावसाचं विचारलं. तो हळूहळू बोलायला लागला. धरण, गवे शेतात शिरतात ते, थोरल्याची पोरगी नर्स झाली ते. चहा निवला, मेहुणीनं दुसरा आणला. जन्मभर दुसऱ्याला समजावत आलेले आमचे साडू गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते, आणि तो थांबला की हलकेच म्हणत होते, "हं, मग?"