नवं नाक

धाडहून बुलढाण्याला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत त्या बाई रोज भेटतात. एका शाळेत क्लार्क आहेत. वय पंचेचाळिशीचं, आवाज खणखणीत. पण बोलताना पदर नाकावर असायचा. कुणी फोटो काढू लागलं की मोबाइल स्वतःकडे मागून घ्यायच्या आणि दुसऱ्यांचेच फोटो काढायच्या.

मध्ये पंधरवडाभर त्या दिसल्या नाहीत. परत आल्या तेव्हा नाकावर पट्टी होती आणि डोळ्यांखाली निळसर सूज.

"पडल्या का हो ताई?" मी विचारलं.

"नाही वं. ऑपरेशन केलं. नाक सरळ करून घेतलं."

मागच्या सीटवरची म्हातारी म्हणाली, "लेकीचंबी लगन झालं तुया. आता हे नाक कोनाले दाखवतं वं?"

"मलेच दाखवतो, मावशी."

सूज उतरल्यावर मी रोज चोरून बघत होते. मला वाटलं होतं, नाक अगदी चाफेकळी होईल. तसं काही झालं नव्हतं. एक दिवस त्यांनी मला पकडलंच.

"लई बारीक नाही केलं. डॉक्टर म्हने, चेहरा रुंद आहे तुमचा, बारीक नाक वरून चिकटवल्यासारखं दिसीन."

"आणि घरचे काय म्हणतात?"

"मालक अजून बिचकते. चहा घेता घेता पाह्यतच राह्यते." त्या मोकळं हसल्या. "मले मात्र पट्टी काढल्याबरोबर आरशात माही ओळख पटली."