तळ्याच्या जागी डोंगर

महादूनं तीस वर्षांत दुबईची निम्मी बेटं बनवली होती, अर्थात टेबलावर. शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या एका शेडमध्ये तो बिल्डरांसाठी मॉडेलं करायचा. फोमचे थर कापायचे, एकावर एक चिकटवायचे आणि भोवती निळा रंग मारून समुद्र करायचा. जूनपासून हे काम मशीन करणार होतं. त्याआधी हातानं करायचं हे शेवटचं मॉडेल. ते तरी बिनचूक व्हावं, एवढीच त्याची इच्छा होती.

ऑर्डर दुबईच्या ऊद मेथा भागातल्या एका शाळेची होती. भूगोलाच्या अनुपमाबाईंनी नकाशा पाठवला होता: हिमनदीनं कोरून काढलेली दरी आणि तिच्यातलं सरोवर. दोन्ही बाजूंना उभे कडे, आणि दरीच्या तोंडाशी हिमनदीनं ढकलत आणलेल्या दगडगोट्यांचा बांध. त्या बांधानंच पाणी अडलेलं. महादूनं कडे असे तासले की हात फिरवत राहावंसं वाटे. पाण्यातल्या रेषांवर वीस, चाळीस करत मधोमध दोनशे ऐंशीचा आकडा होता. आकडा वाढला की थर चढवायचा, हे हाताला ठाऊक. त्यानं चौदा थर चढवले.

बाई मॉडेल बघायला आल्या आणि बघतच राहिल्या. सरोवराच्या मधोमध डोंगर उभा होता.

"काका, हे काय?"

"बेट, बाई. दोनशे ऐंशी मीटर."

"अहो, ती खोली आहे. पाण्याची डेप्थ!"

महादू मटकन स्टुलावर बसला. तीस वर्षांचं मुसळ केरात! त्याला अक्षरशः रडू आलं. "मशीन चुकलं नसतं, बाई," तो म्हणाला.

बाई डोंगरावर हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "बावीस वर्षं मुलांना सांगतेय, हे फार खोल असतं. सगळे नुसते 'येस मॅम' म्हणतात. तुम्ही तर पाणीच उचलून टेबलावर ठेवलंत, काका."

आता महादूचं डोकं चाललं. "दोन दिवस द्या. होईल, इन्शाल्ला."

त्यानं डोंगर सोडवला, तेल चोपडून उलटा धरला आणि भोवती प्लास्टर ओतलं. सुकल्यावर डोंगर काढला, तर खाली नेमका तेवढाच खळगा. टेबलाला भोक पाडून तो खळगा त्यानं दरीत बसवला. डोंगराला निळा रंग दिला. तो उलटा करून खळग्यात ठेवला की सरोवर काठोकाठ भरायचं.

बाईंनी त्याला वर्गातच बोलावून घेतलं. त्याची मॉडेलं आजवर चकचकीत ऑफिसांत गेली होती. त्याला मात्र कुणी आत बोलावलं नव्हतं. सृष्टी नावाच्या मुलीनं दोन्ही हातांनी सरोवर उचललं आणि खळग्यात हात घातला. कोपर आत गेलं.

"सो डीप!" ती ओरडली. मग तिनं महादूकडे पाहिलं. "अंकल, हॅव यू सीन इट?"

"नाय गं बाळा. बर्फसुद्धा मी फ्रिजमधलाच बघितलाय," महादू म्हणाला. "पण त्या तळाला माझा हात लागलाय."

सृष्टीनं पुन्हा हात खाली घातला आणि तळ चाचपू लागली.