पिंपाला धुरी

सेनगावहून गावाकडं येणाऱ्या जीपमध्ये मी मांडीवर एक लाकडी पिंप घेऊन बसले होते. वीस लिटरचं, मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळतं, वरून गोणपाटात गुंडाळलेलं. शेजारच्या आजोबांनी त्यावर प्रेमानं थाप मारली आणि विचारलं, पखवाज दुरुस्तीला नेला होता का. मी हो म्हणाले. मग त्यांनी मी कुणाची हे काढून घेतलं, आणि आमचे बाबा म्हणजे पंचक्रोशीतले नावाजलेले पखवाजवाले, तेव्हा गाव येईपर्यंत मला बाबांच्या हाताची तारीफ ऐकावी लागली. ताकाला जाऊन भांडं लपवू नये, असं मी एरवी सगळ्यांना सुनावत असते. इथं मीच भांडं लपवून बसले होते, आणि तेही मांडीवर.

मी पुण्याला एका छोट्या कारखान्यात बियर बनवते. परभणीला अन्नतंत्र शिकले, मैत्रिणी बिस्किटांत आणि दुधात गेल्या, मी बियरमध्ये गेले. काम मला मनापासून आवडतं आणि ते मला चांगलं येतं. तीन वर्षांपूर्वी घरी सांगितलं तेव्हा बाबांनी एकच विचारलं, ‘म्हंजी दारूच ना?’ मी म्हणाले, व्हय. त्यांनी गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला आणि गुरांना पाणी दाखवायला निघून गेले. त्यानंतर गावात कुणी विचारलं की ते सांगत, पोरगी औषधाच्या कंपनीत आहे.

मला त्याचा फार राग यायचा. चूक त्यांची तरी काय होती म्हणा. बाबा ज्या भजनी मंडळात पखवाज वाजवत, त्याच मंडळानं गावातली हातभट्टी बंद पाडली होती. मंडळाच्या बुवांनीच बाबांना माळ घातली होती. बुवांच्या उजव्या हाताला बसून पखवाज वाजवणं ही बाबांची आयुष्यातली एकमेव चैन. ती माझ्यापायी जाईल ही भीती मला कळत होती. तरीही बाबांनी एकदा, फक्त एकदा, माझं काम काय आहे ते चारचौघांत सांगावं, असं वाटायचंच. औषधाची कंपनी हा शब्द ऐकला की मीच कुठंतरी आजारी आहे असं वाटे.

पिंपाची गोष्ट अशी. एल नावाचा बियरचा जुना प्रकार आहे. ती पिंपात भरल्यावरही आत हळूहळू आंबत राहते, मुरत राहते, आणि पिंपातूनच ग्लासात ओततात. भरताना पिंपात काहीतरी वेगळं घालायची पद्धत आहे, कुणी संत्र्याची साल घालतं, कुणी कॉफी. आमच्या मालकांनी हे नवं कोरं पिंप माझ्या हवाली केलं आणि म्हणाले, तुझ्या भागातलं काहीतरी घाल. लगेच चार जण ओरडले, हळद! हिंगोली म्हटलं की लोकांना हळदीपलीकडं काही सुचत नाही. मी चिडून आठ दिवसांची रजा टाकली आणि पिंप घेऊन घरी आले.

घरात शिरता शिरता मी सगळं सांगून टाकलं. पिंप कशासाठी, त्यात काय भरणार, मी कशाच्या शोधात आलेय. आई म्हणाली, ‘निदान देवघराकडं तोंड करून ठेवू नको.’ बाबांनी पिंपाकडं पाठ केली. पण नवं लाकूड फुगून फटी बुजेपर्यंत पिंपात पाणी भरून ठेवावं लागतं. मी ते अंगणात भरलं, तर ते चहूबाजूंनी गळायला लागलं. बाबांना ते बघवेना. बैलगाडीचं चाक खिळखिळं झालं की पाण्यात बुडवून ठेवायची सवय असलेला माणूस तो. त्यांनी पिंप उचललं, गुरांच्या हौदात अख्खं बुडवलं आणि वर दगड ठेवला. दोन दिवसांनी बाहेर काढून बोटांच्या पेरांनी चारी अंगांनी वाजवून पाहिलं आणि म्हणाले, आता गळायचं न्हाई. गळलं नाही.

घरात बियरचा थेंब आणणं शक्य नव्हतं, म्हणून मी चव बघायला आंबील धरली. ज्वारीच्या पिठाची आंबवलेली, आईच्या हातची. आंबूस, धान्याची, अंगानं थोडी दाट. माझ्या एलची लांबची बहीण शोभेल अशी. वाट्या मांडल्या आणि एकेकीत एकेक जिन्नस घातला. आंबिलीला माळेची काय हरकत असणार? बाबा चव घ्यायला बसले आणि माझी खरी परीक्षा सुरू झाली.

ओल्या हळदीची वाटी त्यांनी घोटभर घेऊन खाली ठेवली. ह्यानं जखम भरंल, तहान न्हाई भागायची, असा निकाल दिला. कवठाचा गर मला फार आवडला होता. बाबा म्हणाले, कवठ लागून राहिलं, आंबील कुठं गेली? वाळलेल्या बोरांवर ते जरा रेंगाळले, पण शेवटी मान हलवली. लाल अंबाडी आईनंच बाद केली, कारण वाटीत तिचा नुसता रंग दिसत होता. रोज सकाळी बाबा शेतातून काहीतरी नवं घेऊन येऊ लागले, ओट्यावर ठेवून चहा मागू लागले. तीन वर्षांत माझ्या कामाबद्दल त्यांनी इतकं तोंड उघडलं नव्हतं. मला इतका आनंद होत होता की मी मुद्दाम दोन-तीन भिकार गोष्टीही चाखायला लावल्या.

पाचव्या दिवशी मात्र मी रडकुंडीला आले. पंधरा वाट्या झाल्या आणि एकही बरी नव्हती. बाबा म्हणाले, समदं वरवर तरंगून राहिलं, आत मुरंना. आई शेजारी लिंबाच्या लोणच्याची बरणी तयार करत होती. निखाऱ्यावर हिंगाचा खडा टाकून तिनं बरणी त्यावर पालथी घातली होती, धुरी धरायला. तिनं आमच्याकडं न बघताच मला फैलावर घेतलं.

‘आत काहून टाकून राहिलीस एवढं? भांड्याला दे. भांडं देतं मंग.’

मी हातातली वाटी खाली ठेवली. एवढं अन्नतंत्र शिकले, आणि धुरी दिलेल्या भांड्यातलं ताक लहानपणापासून पीत आले, तरी हे मला सुचलं नव्हतं. बाबा मात्र उठून शेताकडं चालू लागले. हळद काढायच्या आधी पाला कापून टाकतात, तो बांधावर वाळत पडलेला असतो. त्या वाळल्या पानांचा एक भारा ते घेऊन आले. चिमूटभर पान निखाऱ्यावर टाकलं, वर तांब्या पालथा धरला, आणि मग त्यात आंबील ओतून मला दिली. आधी धान्य लागलं, मग आंबट, आणि गिळल्यावर मागून सावकाश एक गोडसर धुराचा वास आला, हळद शिजवायच्या दिवसांत शिवारात असतो तसा. मी बाबांकडं पाहिलं. ते हसत होते.

आईनं तेवढ्यात अडचण काढलीच. म्हणाली, मग दारूला हात लागलाच की तुमचा. बाबा म्हणाले, धुरी भांड्याला देऊन राहिलो, दारूला न्हाई. वकील झाला असतात, मी म्हणाले. पण ही पळवाट त्यांनी शेतातून येता येताच काढून ठेवलेली असणार, हे त्यांच्या तयार उत्तरावरून कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात गोवऱ्यांचा विस्तव केला. खापरात निखारे घेतले, हळदीची पानं टाकली, आणि बाबांनी पिंपाचं तोंड त्या धुरावर धरलं. मधूनमधून ते पिंप फिरवत होते, सगळ्या फळ्यांना सारखा धूर लागावा म्हणून. तिसऱ्यांदा पानं टाकली तेव्हा बुवा अंगणात आले. एकादशीच्या भजनाचं बोलायचं होतं त्यांना. टेकले, पिंपाकडं बघत राहिले आणि विचारलं, हे काय चाललंय.

आई झटकन म्हणाली, लोणच्याचं पिंप आहे. बुवांनी मान डोलावली. तिथंच संपलं असतं. मीही गप्प राहिले, मनातून आईचे आभारच मानले. बाबांनी पिंप खाली ठेवलं, धोतराला हात पुसले.

‘लोनच्याचं न्हाई, बुवा,’ ते म्हणाले. ‘माही पोरगी पुण्याला बियर बनविते. तिचं पिंप हाय. मी धुरी देऊन राहिलो.’

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धुरानं नव्हतं. बुवांनी सावकाश विचारलं, औषधाची कंपनी म्हणत होता ना तुम्ही? बाबा म्हणाले, ते खोटं होतं. बुवांनी चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला, एकादशीचं काही न बोलता निघून गेले. बाबांनी निखारे फुंकले आणि पिंप पुन्हा धरलं. आईनं दिलेली लोणच्याची पळवाट हाताशी होती, ती का नाही वापरली, हे मी तेव्हा विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

पुण्यात एल भरली, मुरली आणि मालकांनी ठेवलेल्या एका संध्याकाळी सगळी संपली. लोक विचारत होते, यात घातलंय काय. मी सांगत होते, काहीच नाही. हळद म्हणून ओरडलेले ते चौघेही दुसरा ग्लास मागायला आले, ते मी जरा मिरवून घेतलं.

आईचा फोन आला तेव्हा मला उरलेलं कळलं. एकादशीला बुवांनी पखवाज दुसऱ्याकडं दिला होता. बाबा तरीही गेले, मागच्या रांगेत बसून टाळ वाजवले. त्याच्या पुढच्या भजनालाही तसंच. पखवाज काही परत आला नाही. हे ऐकताना मला इतकं अपराधी वाटलं की मी म्हणाले, आई, त्यांना म्हणावं मी चुकले, पिंप तिकडं आणायलाच नको होतं. फोन कधी बाबांच्या हातात गेला ते कळलं नाही.

‘पिंप रिकामं झालं का?’ त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, झालं, बाबा.

‘मंग पानी भरून ठेव. लाकूड वाळू देऊ नको,’ ते म्हणाले. ‘अन् सवड झाली की घेऊन ये. पाला ठिवलाय मी. पुन्यांदा धुरी देऊ.’